कबुलीचं पान

आमची आत्ती वाचनालयात गेली की आधी पुस्तकाचं शेवटचं पान वाचायची. काउंटरपाशी, उभ्या-उभ्याच. भाजीची पिशवी कोपरात अडकवलेली, चष्मा नाकावर घसरलेला आणि ओठ हलताहेत. पान मनाला आलं तर पुस्तक पिशवीत, नाहीतर पुन्हा फळीवर. वाचनालयाचे काका म्हणायचे, "अहो बाई, शेवट इथंच वाचलात, आता घरी नेऊन काय करणार?" आत्ती शांतपणे म्हणायची, "घरी नेऊन वाचणार की."

मी तेव्हा नववीत होते. शेवट आधी वाचणारा तो वाचकच नव्हे, असं मराठीच्या बाईंनी आम्हाला सांगितलं होतं. त्यामुळं आत्तीबरोबर वाचनालयात जायला मला संकोच वाटायचा. आज पंचेचाळिशी ओलांडल्यावर मीही शेवटचं पान आधी उघडते, आणि आत्ती तिथं काय शोधत होती ते आता कुठं उमगायला लागलंय.

बेळगावच्या वडगावात तिचं घर. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. सकाळी सातला माग चालू झाले की रात्री नऊपर्यंत खटखट. त्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. "सूत संपलंऽ", "चहा झालाऽ", "पोरगं शाळेतनं आलंऽ". जे ओरडून सांगता येतं तेवढंच तिथं सांगितलं जायचं. बाकीचं राहून जायचं. मी शनिवार-रविवार तिच्याकडं राहायला जायची, तेव्हा मलाही आल्याआल्या दोन तास कानात तोच आवाज भरून राहायचा आणि मग तो ऐकूच यायचा नाही. लाईट गेली की मात्र सगळं घर एकदम गप्प व्हायचं. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, चौकात जाऊन बसायचे. आत्ती सुताच्या कांड्या भरायचं सोडून दाराच्या उंबऱ्यावर यायची, उजेडात, आणि 'तरुण भारत'चं कव्हर घातलेली कादंबरी उघडायची. लाईट कितीही वेळ गेलेली चालेल, असं वाटणारी वडगावातली ती एकटीच बाई असेल.

गावात सार्वजनिक वाचनालयासारखी दीडशे वर्षांहून जुनी, मोठी संस्था होती. पण आत्तीचं वाचनालय वेगळं. शहापुरातल्या एका बोळात, एका खोलीत मावणारं, महिन्याची वर्गणी भरून दोन पुस्तकं नेता येणारं. तिथं येणाऱ्या बहुतेक बायकाच. कादंबऱ्यांची नावं इतकी एकसारखी असायची की वाचलेली कुठली, न वाचलेली कुठली हे ध्यानात राहायचं नाही. म्हणून प्रत्येकीची एक खूण. कुणी पन्नासाव्या पानावर चंद्रकोर काढायची, कुणी पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक फुली. आत्तीची खूण म्हणजे पान ३१, आकड्याच्या बरोबर खाली पेन्सिलीचा ठिपका. फळीवरून पुस्तक काढलं की आधी ३१, मग शेवटचं पान. शेवटच्या पानाखाली कधी कधी अनोळखी अक्षरात कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचं, "शेवट चांगला आहे", किंवा "रडवलं बाईनं, नेऊ नका". कधीही एकमेकींना न भेटलेल्या बायका अशा एकमेकींना जपत होत्या.

हे आठवायला निमित्त झालं बसमधल्या एका मुलीचं.

मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे, रोज बेळगावहून जाते-येते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात सरकारी बसचा प्रवास बायकांना मोफत झाला, तेव्हापासून बसमध्ये बायकाच बायका. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, आणि मग अर्धी बस मोबाईल उघडते. माझ्या शेजारी बसणारी ही मुलगी खडेबाजारात साड्यांच्या दुकानात काम करते. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत मी खानापूरहून येत असते, ती सुट्टीच्या दिवशी माहेरून. एकदा बघितलं तर डोळे भरलेले, अंगठा पडद्यावर.

"काय वाचालीस ग?" मी विचारलं.

प्रतिलिपीवरची मराठी मालिका. हे ॲप २०१४ साली बेंगळुरूत सुरू झालेलं. आमच्या वाचनालयातल्या फळ्या आता त्यात आहेत, आणि पेन्सिलीनं लिहिलेलं "शेवट चांगला आहे" सुद्धा. तिनं मला गोष्ट सांगितली. ठरवून लग्न. तिसऱ्याच भागात लग्न लागलंय. नवऱ्यानं एका गैरसमजापायी तिला चारचौघांत नको ते बोललंय. आता चाळीस भाग झाले. त्याला सगळं कळलंय, तो हळवा झालाय, तिच्यासाठी औषध आणतो, रात्री जागतो.

"मग झालं की," मी म्हटलं.

"कुठं झालं मॅडम? बोललाच नाही अजून. कळलंय, पण बोलला नाही." गाडी पिरनवाडी ओलांडत होती. ती बाहेर बघत म्हणाली, "बोलायला पाहिजे की त्यानं."

हे वाक्य मला कितीतरी दिवस सोडेना. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांना लग्न हवं असतं, राजबिंडा नायक हवा असतो, श्रीमंती हवी असते, असं सगळे धरून चालतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. पण हिच्या गोष्टीत लग्न तिसऱ्या भागात उरकलंय. मराठीत मोबाईलवर आवडीनं वाचल्या जाणाऱ्या कितीतरी प्रेमकथांत हाच क्रम असतो: आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम. आमच्या घराघरांतला क्रमही तोच. मग लग्न पार पडल्यावर ही पोरगी चाळीस भाग कशाची वाट बघत होती?

अमेरिकेत प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्यांची रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका नावाची संघटना आहे. तिनं या प्रकाराची व्याख्या दोनच गोष्टींत बसवली: प्रेमकथा मध्यभागी असावी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशा ठेवणारा असावा. यातला 'समाधान' हा शब्द मराठीत आला की मोठा होतो. आपल्याकडं समाधान म्हणजे तृप्ती, आणि शंकासमाधान म्हणतो तेव्हा समाधान म्हणजे उत्तरही. वाचणाऱ्या बाईच्या मनात एक शंका असते, पुस्तकाच्याही आधीपासून असते. याला कळतं का? माझं काय झालं ते याला ठाऊक आहे का? लग्नानं तिचं उत्तर मिळत नाही. मुलं झाली, घर बांधलं, पंचवीस वर्षं झाली, तरी मिळतंच असं नाही. समोरच्यानं तोंडानं सांगितलं, तरच मिळतं.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, कबुली. प्रेमाचीही कबुली देतात आणि चुकीचीही कबुलीच देतात. एकाच शब्दात दोन्ही. चांगली प्रेमकादंबरी ही दोन्ही एका जागी आणून दाखवते, असं मला आता पक्कं वाटतं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य एकटं आलं तर हलकं पडतं. त्याला वजन येतं ते "मी तुझ्याशी असं वागलो, त्या दिवशी, त्या ठिकाणी, आणि तुला त्याचं असं झालं असणार" या वाक्यामुळं. इंग्रजी वाचणाऱ्यांत या प्रसंगाला 'ग्रोव्हल' असं नावच पडलंय. मी त्याला लोटांगण म्हणेन. पण नुसतं लोटांगण वाचकाला पुरत नाही. पायावर डोकं ठेवणारा नायक मी कितीतरी वाचलाय, आणि पुस्तक मिटल्यावर रितंच वाटलंय. कारण त्याला माफी हवी होती, आपण काय केलं हे नीट माहीत नव्हतं. चूक नावानिशी उच्चारली गेली की मगच बाईचा श्वास सुटतो.

पामेला रेजिस या अभ्यासक बाईंनी २००३ साली प्रेमकादंबरीचे आठ घटक मांडले. भेट, अडथळा, ओढ, कबुली असे ते जातात. त्यात एक टप्पा असा की सगळं संपलं, आता ही दोघं कधीच एकत्र येणार नाहीत, असं वाटावं. आणि त्यानंतर एक टप्पा, जिथं काहीतरी नव्यानं कळतं आणि अडथळा दूर होतो. मला यातला अडथळा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथंच चांगली आणि कच्ची कादंबरी वेगळी पडते.

टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट घ्या. बेळगावच्या प्रत्येकानं तिथं आयुष्यातले किती तास घालवलेत कुणास ठाऊक. गेट पडलं की दोन्ही बाजूला गाड्यांची रांग, आणि कधी कधी पलीकडच्या गर्दीत ओळखीचा चेहरा दिसतो. हात करता येतो, बोलता येत नाही. प्रेमकथेला यापेक्षा चांगली जागा नाही, असं मला कॉलेजात असल्यापासून वाटतं. पण ते गेट गाडी गेली की आपोआप उघडतं. कच्च्या कादंबरीतला अडथळा असाच असतो. बाप आजारी पडतो, चिठ्ठी हरवते, खलनायिका खोटं बोलते, आणि मग गाडी निघून जाते, गेट उघडतं. वाचकाला बरं वाटतं, पण पोट भरत नाही, कारण उघडायला कुणालाच काही करावं लागलं नाही. चांगल्या कादंबरीतलं गेट माणसाच्या आत असतं. "माझ्याजवळ कुणी राहू शकत नाही" असं मानून बसलेली बाई. "मी बोललो तर लहान ठरेन" असं मानणारा पुरुष. ते उघडायला त्यालाच हात घालावा लागतो, आणि जोर लागतो, आणि तो जोर आपल्याला दिसतो. म्हणून तर शेवट आधी माहीत असून काही बिघडत नाही. आत्तीला शेवट ठाऊक असायचा. कसं होतं, ते बघायचं असायचं.

सगळ्या कादंबऱ्या एकाच साच्याच्या, असं नाक मुरडणाऱ्यांना आत्तीच्या घरी न्यायला हवं होतं. साडीला काठ असणार, पदर असणार, हे ठाऊक असूनच बाई दुकानात जाते. शहापुरी साडीला पदरच नाही असं झालं तर ती फसवणूक. तरी ती दहा साड्या उलगडून बघते, काठाला बोट लावते, वीण डोळ्यांजवळ नेते. ताणा तोच असतो, बाण्यात विणकराचा हात दिसतो. प्रेमकादंबरीचा सुखान्त हा तो पदर आहे. त्याची खात्री असते म्हणून वाचकाला मधल्या दुःखात निर्धास्त उतरता येतं. जिला रोजच्या जगण्यात कशाचीच खात्री नाही, सूत वेळेवर येईल का, मजुरी मिळेल का, लाईट टिकेल का, तिनं निदान शेवटच्या पानाची खात्री मागितली तर त्यात वाचक म्हणून कमीपणा कसला?

हे वडगावपुरतं नाही, हे मला पुढं कळलं. जॅनिस रॅडवे या अमेरिकन प्राध्यापिकेचा प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांवरचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. तिनं अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका गावातल्या वाचक बायका गाठल्या. त्यांना पुस्तकं निवडून द्यायला एक जाणती दुकानातली बाई होती, आमच्या काकांसारखीच. त्या बायकाही वाईट शेवटाची पुस्तकं नाकारत, आणि काही जणी शेवट आधी वाचून घेत. त्यांचं म्हणणं असं की दिवसभर सगळ्यांचं आपण बघतो, वाचायला बसलो की तेवढा वेळ आपला. हे वाचताना मला उंबऱ्यावर बसलेली आत्ती दिसली. आणि नायकाकडून त्यांना काय हवं होतं? आपली काळजी घेणं. जी सगळ्यांची काळजी घेते तिची काळजी कुणीतरी घेणं, पुस्तकात तरी.

काळजी घेणं म्हणजे फुलं आणि दागिने नव्हेत, हे आताच्या लेखिकांना नीट कळलंय. मी वाचलेल्या एका मालिकेत घरातली सून रोज तव्यावरची पहिली, मोडलेली, करपलेली भाकरी बाजूला ठेवते आणि शेवटी स्वतः खाते. कुणाच्या लक्षातही येत नाही. सतराव्या की अठराव्या भागात तिचा नवरा जेवायला बसताना हात लांब करून ती भाकरी आपल्या ताटात घेतो, आणि काही न बोलता खायला लागतो. इतकंच. मी तो प्रसंग वाचून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझ्या आईनं, आत्तीनं, मी किती मोडक्या भाकऱ्या खाल्ल्या याचा हिशोब कुणी ठेवला नाही, आणि ठेवावा असं आम्हालाही कधी वाटलं नव्हतं. वाटलं ते तिथं, त्या क्षणी.

मराठी प्रेमकथेत आणखी एक सुख आहे, ते इंग्रजीत मिळायचं नाही. 'तुम्ही'चं 'तू' होणं. दोनशे पानं 'अहो, तुम्ही' चाललेलं असतं आणि एका वाक्यात, बहुतेक भांडणात, तिच्या तोंडून "तू असं का केलंस?" निघून जातं. दोघंही थबकतात. वाचणारीही थबकते. हाताला हात लागण्याच्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग जास्त जवळचा असतो. कन्नडमध्येही नीवु आणि नीनु आहेतच, त्यामुळं आमच्याकडं दोन्ही भाषांत वाचणाऱ्या मुली या जागेवर सारख्याच थांबतात. इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद हातात आला की मी हेच बघते: अनुवादकानं 'तू' कुठं आणलाय? चुकीच्या पानावर आणला तर सगळी प्रेमकथा तिथंच सांडते.

इंग्रजी प्रेमकादंबरीसुद्धा वाचनालयांनीच वाढवली, हे वाचून मला आनंद झाला होता. मिल्स अँड बून लंडनमध्ये १९०८ साली सुरू झाली ती सगळ्या प्रकारची पुस्तकं काढणारी कंपनी म्हणून. १९३० च्या दशकात तिनं प्रेमकादंबऱ्यांवर भर दिला, कारण पैसे भरून पुस्तकं नेण्याच्या वाचनालयांत बायका त्याच मागत होत्या. म्हणजे तिकडंही कुणाच्या तरी आत्त्या काउंटरपाशी उभ्या होत्याच.

तेव्हापासून नायक पुष्कळ बदलला. सत्तर-ऐंशीच्या दशकातला इंग्रजी नायक जबरदस्ती करायचा आणि त्याला प्रेम म्हटलं जायचं. आताची वाचक ते खपवून घेत नाही. आता नायक विचारतो, थांबतो, 'नको' म्हटलं की मागं सरतो. गोष्ट दोघांच्याही तोंडून सांगितली जाते, एक प्रकरण तिचं, एक त्याचं. नायिकेची नोकरी लग्नानंतर सुटत नाही. चाळिशीतल्या, घटस्फोट झालेल्या, विधवा बाईलाही दुसरी संधी मिळते. मराठीतली पहिली कादंबरी १८५७ साली लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मलेले, आणि त्या कादंबरीचा विषय विधवांचं दुःख होता. म्हणून मोबाईलवरच्या एखाद्या मालिकेत विधवा नायिका हळदीकुंकवाला निघते आणि तो दारात तिची चप्पल सरळ करून ठेवतो, तेव्हा मला ते उथळ वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते. या सगळ्या कथा पुण्यात घडतात, मुंबईत घडतात, फार तर कोल्हापुरात. आमचं गाव त्यात येत नाही. गणपत गल्लीतली गर्दी नाही, कुंद्याचा डबा नाही, घरी मराठी, दुकानात कन्नड आणि मनात दोन्हींची मिसळ असं बोलणारी नायिका नाही. सीमाभाग म्हटलं की मोर्चे, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, खटले. ते आहेच, आमच्या आयुष्यातून ते वजा होत नाही. पण इथंही पोरी प्रेमात पडतात, आणि इथल्या पुरुषांनाही बोलायचं असतं आणि बोलता येत नाही.

याच गावात इंदिरा संत राहिल्या. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले आणि त्यानंतर त्या जवळजवळ अर्धं शतक कविता लिहीत होत्या. त्या कवितेत वाट बघणं संपत नाही. गेलेला माणूस परत येत नाही, काही बोलत नाही. मी त्यांची कविता वर्गात शिकवते आणि घरी येऊन प्रेमकादंबरी वाचते, तेव्हा सहकारी शिक्षिका विचारतात, हे दोन्ही एकाच माणसाला कसं आवडतं? आवडतं. कविता माझी जखम मला तशीच दाखवते, आणि ती खरी असते. पण काही रात्री अशा असतात की मला त्याचं बोलणं ऐकायचं असतं.

आता आत्तीचं सांगते.

माझे आजोबा, आत्तीचे वडील, जांबोटीकडच्या गावी होते. त्यांचं आजारपण बळावल्याचा निरोप वडगावात आला तेव्हा सणाची ऑर्डर मागावर होती. आत्ती निघाली. मामा म्हणाले, "चार दिवस थांब. ऑर्डर जाऊ दे, मग मीच सोडून येतो." मामा वाईट नव्हते. कर्ज होतं, दोन माग होते, आणि कांड्या भरायला दुसरं कुणी नव्हतं. आत्ती थांबली. आजोबा तिसऱ्या दिवशी गेले. ती पोचली तेव्हा पायाकडची बाजू तेवढी दिसली, असं आई सांगायची. त्यानंतर तीस वर्षं त्या घरात त्या तीन दिवसांचा विषय कधी निघाला नाही. माग चालू होते. आत्तीनं तक्रार केली नाही, मामांनी काही म्हटलं नाही. दर दिवाळीला मात्र ते न चुकता तिला माहेरी घेऊन यायचे, स्वतः बसमध्ये जागा धरून.

आत्तीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं एकापाठोपाठ झाली त्या वर्षी माग विकून झाले होते. डॉक्टरांनी वाचायचं नाही म्हणून सांगितलं होतं. घरात तेव्हा इतकी शांतता असायची की घड्याळ ऐकू यायचं. आत्तीनं मला एका कादंबरीचं नाव सांगितलं. "तेवढी आणून दे की ग. हे वाचून दाखवतील."

मामांनी जन्मात कादंबरी हातात धरली नव्हती. पण चार तासांनी डोळ्यांत थेंब घालायचं काम त्यांच्याकडंच होतं, आणि त्याबरोबर हेही त्यांनी घेतलं. ते पेपरातले बाजारभाव वाचावेत तसं वाचायचे, एका सुरात, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. प्रेमाचं काही आलं की तीन-चार ओळी गाळून पुढं जायचे. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेली आत्ती भिंतीला टेकून म्हणायची, "मधलं खाल्लंत." मग ते घसा साफ करून मागं जायचे.

तिसऱ्या संध्याकाळी मी तिथं होते. गोष्ट अशी होती की नायकाचं नवीन दुकान उघडायचं असतं आणि त्याच वेळी नायिकेच्या माहेराहून तार येते. तिची आई अत्यवस्थ. तो ती तार चार दिवस लपवतो. पुढं सगळं तुटतं, आणि शेवटाकडं एका पानावर तो तिच्यासमोर उभा राहून ते सांगतो. तार आली होती. मी ती वाचली होती. माझ्या खिशात होती. तू हसत गिऱ्हाईकांना पेढे देत होतीस आणि माझ्या खिशात होती.

मामांचा आवाज तिथं थांबला. मी वर बघितलं नाही. घड्याळ चालू होतं. मग त्यांनी पुढचं वाचलं, नेहमीच्याच सुरात, पण हळू. एकही ओळ गाळली नाही. पान संपलं तेव्हा आत्ती म्हणाली, "परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचून झालं होतं, तरी संध्याकाळी थेंब घालून झाल्यावर ते खुर्ची ओढून बसले आणि न विचारताच पुस्तक उघडलं. त्याच पानावर उघडलं. आईनं मला नंतर सांगितलं की आत्तीची पट्टी निघेपर्यंत ते रोज चाललं होतं.

पुस्तक परत करायला मीच गेले. काकांचा मुलगा आता काउंटरवर बसायचा. त्यानं तारीख टाकायला पुस्तक मागितलं, आणि देता देता सवयीनं मी पान ३१ उघडलं. आकड्याखाली पेन्सिलीचा ठिपका होता. जुना, पिवळ्या पडलेल्या कागदात मुरून पुसट झालेला.